रिअल सिस्टर

एजवेअर, ८ एप्रिल २०२०

ताई,

दोन मीटरवरून नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोन कानाला लावला की तुझं ते कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागतं, आणि तू 'काय? काय?' करत माझ्यावरच खेकसतेस. म्हणून लिहितो. पोस्टमन येतोय अजून, बिचारा.

तर बातमी अशी की आमचं वेम्बलीचं किचन बंद झालं. लग्नंच होत नाहीत तर केटरर कोणाला जेवू घालणार? मालकाने पक्क्या लोकांना फर्लोवर टाकलं, म्हणजे घरी बसा, पगार बराचसा सरकार देईल. आम्ही काम असेल तेव्हा बोलावलेले. आम्हाला म्हणाला, तुम्ही माझ्या पगारावर धड नाहीच, तुम्ही युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे तो सरकारी बेकारभत्ता, मागा. अगं, इतकी वर्षं मी याच्याकडे मसालेभात रटारटा शिजवला, गुजराती लग्नात अळूचं फदफदं खपवून दाखवलं, आणि आता मी धड नाहीच!

टीव्हीवर सांगतात की या साथीमुळे सरकारने बेकारभत्ता वाढवलाय, जॉबसेंटरला यायचं नाही, सगळं फोनवर. मी सकाळी फोन लावला. कुकर झाला, जेवण झालं, भांडी झाली, तरी कानात तीच पिपाणी. शेवटी एक मुलगी आली. गोड आवाज, सारखं 'लव्ह', 'डार्लिंग'. जोगळेकर आडनाव ऐकून तिने जरा दम खाल्ला. मग विचारलं, घर कोणाचं? म्हटलं, माय सिस्टर्स हाउस. सिस्टर तिथेच राहते? म्हटलं, तिथेच, सध्या मुलीच्या बाळंतपणाला मँचेस्टरला गेली ती लॉकडाऊनमध्ये अडकली, परत आली की माझ्या डोक्यावर बसेल. हसली. मग म्हणते, रिअल सिस्टर?

ताई, मला असा राग आला! रिअल म्हणजे काय? प्लास्टिकची असते का बहीण? मी तिला सुनावलं, की बाई गं, मी लंगोटात होतो तेव्हापासून ही मला राखी बांधते, दर भाऊबीजेला ओवाळते, मिरजेत एका ताटात जेवून आम्ही मोठे झालो. रिअल, हंड्रेड पर्सेंट रिअल! 'ओके लव्ह' म्हणाली आणि टकटक टाइप केलं.

बघ, तुझं नाव कसं राखलं. पैसे यायला महिनाभर तरी लागेल म्हणे. तोवर साठवलेलं आहे थोडं, एकट्या जीवाला लागतं किती? या महिन्याचं भाडं तुझ्या खात्यात टाकलंय. बाळाचं नाव काय ठेवलं ते कळव.

तुझा
शशी


मँचेस्टर, १७ एप्रिल २०२०

शशी,

आशीर्वाद घे. पुरवून वापर, सध्या इथेही टंचाई आहे.

सख्खी सांगितलंस ते उत्तम केलंस. आपल्यात नसतं हे कझिन-बिझिन. माझ्या आईला तुझ्या वडिलांशिवाय भाऊ नव्हता आणि मला तुझ्याशिवाय नाही, विषय संपला. त्या पोरीला म्हणावं, तुमच्याकडे ख्रिसमसला एक कार्ड टाकलं की नातं वर्षभर टिकतं, आमच्याकडे रोज भांडावं लागतं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेव. भाडं हा शब्द पुन्हा लिहू नकोस. भावाकडून कोणी भाडं घेतं का? तू घरखर्चाला देतोस. तुझे भाऊजी गेल्यापासून घराचं कर्ज मी एकटी फेडतेय, आणि मागच्या खोलीत कोणी पैसे देऊन राहतं हे मी बँकेला कळवलेलं नाही. उद्या कोणी विचारलं तर मला या वयात झंझट नको. तेव्हा घरखर्च. तुला जमेल तसा दे. पहिल्या तारखेला जमव.

खिडकीतल्या तुळशीला एक दिवसाआड पाणी घाल, रोज नाही, तू बुडवशील तिला. भाऊजींच्या खुर्चीत बसू नकोस. बसतोस ते मला इथूनही कळतं.

बाळाचं नाव अन्वी. फार गोड आहे. रात्रभर रडते, पण गोड आहे. वैभवी म्हणते, आई, तू होतीस म्हणून निभलं. जावईबापू हेडफोन लावून असतात, ते काही म्हणत नाहीत. मी मजेत आहे.

ताई


एजवेअर, २० मे २०२०

ताई,

घोळ झालाय. आणि तो मी घातलाय, म्हणून आधीच कान पकडतो.

पहिले पैसे आले. पोटापुरते आले, घरभाड्याचे आलेच नाहीत. (शब्द लिहिला, माफ कर, पण आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.) मी फोन केला. या वेळी पुरुष होता, 'लव्ह' वगैरे काही नाही. म्हणाला, तुम्ही सख्ख्या बहिणीच्या घरात, ती राहते त्याच घरात राहता. क्लोज रिलेटिव्हला द्यायचं भाडं आम्ही देत नाही. आई-बाप, मुलं, भाऊ-बहीण, हे सगळे क्लोज. म्हटलं, आणि कझिन? म्हणाला, कझिनला आमची हरकत नाही. कझिन क्लोज धरत नाहीत.

कझिन चालतो, ताई! भाऊ चालत नाही!

मी म्हटलं, अहो, मग ती कझिनच आहे. माझ्या आत्याची मुलगी. तर त्याने आधीची नोंद उघडली. मग म्हणतो, मिस्टर जोगल, तुम्ही मागच्या खेपेला हंड्रेड पर्सेंट रिअल म्हणालात, इथे लिहिलंय. त्या भवानीने शब्दन् शब्द उतरवून घेतला होता. 'लव्ह' म्हणत म्हणत!

आता तो म्हणतो, घरमालकिणीचं पत्र आणा. दोन ओळी पुरे. शशिधर माझा सख्खा भाऊ नाही, तो पैसे देऊन खोलीत राहतो, एवढंच. ते आलं की मागचे सगळे पैसे देतील. तुझ्याकडे हे मागायची मला लाज वाटते. आपण दोघांनी हा शब्द आयुष्यात कधी वापरला नाही आणि तो आता मी तुला सरकारी कागदावर लिहायला सांगतोय. पण या महिन्याचं मी देऊ शकलेलो नाही, हे तुला खात्यावरून कळलंच असेल.

लवकर लिही.

शशी


मँचेस्टर, २ जून २०२०

शशी,

एप्रिलमध्ये सख्खी, मेमध्ये कझिन. जूनमध्ये काय, शेजारीण?

दोन ओळी पुरे म्हणतोस. दोन ओळींत मी तुझी कोणी नाही असं लिहून देऊ? आणि कोणाला, तर ज्यांना तू आधी छाती ठोकून उलटं सांगितलंस त्यांना. म्हणजे खोटारडी कोण ठरणार? मी. पत्र फिरत फिरत बँकेकडे गेलं तर चोरून भाडेकरू ठेवणारी कोण? तीही मीच. तू आपला हात झटकून मोकळा.

तुला हाताला धरून या देशात आणलं कोणी रे? हीथ्रोवर स्वेटर घेऊन कोण उभं होतं? तुला इथला उकाडा-गारठा कळत नव्हता, तिकिटाच्या मशीनशी तू मराठीत बोलत होतास. तेव्हा मी कझिन होते का?

मला तुझ्या खोलीचे पैसे लागतात. आता सांगतेच, लपवून काय करू. ते आले नाहीत की माझा हप्ता चुकतो. आणि हप्त्यासाठी मुलीपुढे हात पसरणार नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा भाऊ म्हणून राहायचं असेल तर भावासारखा वाग आणि कुठूनही आण. श्रीनिवास म्हणून पुण्याचा एक आयटीतला मुलगा खोली शोधतोय. घरून काम करतो, पगार चालू आहे, स्वयंपाक येत नाही म्हणजे घराला तळणाचा वास नाही. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.

अजून.

ताई


एजवेअर, १५ जून २०२०

ताई,

तळणाचा वास काय? त्या वासावर तू इतक्या दिवाळ्या साजऱ्या केल्यास, मैत्रिणींना 'मीच केल्यात' म्हणून चकल्या वाटल्यास, तेव्हा नाक कुठे होतं तुझं? भाऊजींना घास गिळवेना तेव्हा तासन्‌तास पेज कोण भरवत होतं? तुझा तो श्रीनिवास?

मी तुला सांगणार नव्हतो, आता सांगतो. गेल्या आठवड्यात मी वेम्बलीच्या देवळापाशी शिध्याच्या रांगेत उभा होतो. तिथे पिशव्या वाटणाऱ्या बाईने मला ओळखलं. 'अय्या, हे तर आपल्या ऋजुताच्या लग्नातले महाराज!' असं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली आणि माझ्या पिशवीत चार बटाटे जास्त घातले. पाचशे पानं उठवलेला माणूस मी. बटाट्यांची लाज नाही वाटली गं, त्या 'महाराज'ची वाटली.

तू ते पत्र लिहून देत नाहीस म्हणून मी वैभवीला फोन केला. ती म्हणाली, मामा, आई उगीच घाबरतो, बँकेला सांगता येते, मी सांगते. गुणाची पोर आहे, तिचं मराठी तुझ्यासारखं धारदार नाही एवढंच. पण मागे अन्वी रडत होती, आणि जावयाचा आवाज मी ऐकला. 'अर्चना, टेक हर, आय ॲम ऑन अ कॉल.' अर्चना! आई नाही, मम्मी नाही. आणि तू 'हो हो' करत धावलीस, तेही ऐकलं. मजेत आहेस म्हणे!

तूही तिथे खोलीच घेऊन राहतेस ताई. भाडं तेवढं भांडी घासून देतेस. निदान माझं भाडं द्यायला सरकार तयार आहे.

दोन ओळी लिही.

शशी


मँचेस्टर, ६ जुलै २०२०

श्री. शशिधर जोगळेकर यांस,

आपले पत्र मिळाले. आपल्या मागणीनुसार संबंधित खात्याला इंग्रजीत पत्र पाठवले आहे. आपल्याला इंग्रजी झेपत नाही, म्हणून मजकूर मराठीत कळवते. 'श्री. जोगळेकर हे माझे भाऊ नाहीत. ते माझ्या घरातील मागच्या खोलीत पैसे देऊन राहतात. त्यापलीकडे माझा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.' शेवटचे वाक्य आपण मागितले नव्हते. ते मी माझ्या मनाने घातले आहे.

आता आपण रीतसर भाडेकरू आहात, तेव्हा रीतसर राहावे. दिवाणखाना आपल्या खोलीत मोडत नाही. फोडणी स्वयंपाकघराचे दार लावून करावी. खुर्चीविषयी पुन्हा सांगत नाही.

यंदा राखी पाठवणार नाही. भाडेकरूला राखी पाठवायची आमच्यात पद्धत नाही, आणि पाकीट कोणाच्या हाती लागले तर नुकसान आपलेच. मला ताई म्हणून लिहू नये. माझ्या जावयांविषयी तर मुळीच लिहू नये. मी माझ्या मुलीच्या घरी आहे.

श्रीमती अर्चना दातार


एजवेअर, ५ ऑगस्ट २०२०

श्रीमती दातार यांस,

आपल्या कृपेने भाडे मंजूर झाले. मागील बाकीसह आपल्या खात्यात भरले आहे. पावती द्यावी. आपले पत्र वाचून तेथील साहेब फार खूश झाला. 'व्हेरी क्लिअर लेटर' म्हणाला.

बॉयलर गळतो आहे. बहिणीचे घर असते तर मी खाली बादली ठेवून गप्प बसलो असतो. भाडेकरू या नात्याने कळवतो, की थंडी पडण्यापूर्वी दुरुस्त करून द्यावा. मागच्या खोलीत आतापासूनच ओल धरली आहे.

आपली तुळस वाळली. आपल्या पत्रात भाडेकरूने तुळशीला पाणी घालावे असे कोठेही नव्हते, म्हणून घातले नाही. रोज बघत होतो. आधी पाने गेली, मग काड्या.

परवा राखी पौर्णिमा होती. नारळीभात केला. दार लावून केला. जास्त झाला, टाकून दिला.

शशिधर जोगळेकर


मँचेस्टर, १८ नोव्हेंबर २०२०

शशी,

तुझं ते पत्र वाचून मी ठरवलं होतं की तुझं तोंड बघायचं नाही. तुळशीला बघत बघत मारलंस! इतका दुष्टपणा तुझ्यात आला कुठून? मग वाटलं, माझ्यातूनच आला असेल, दुसरं घराणं कुठलं आहे आपल्याला.

परवा भाऊबीज झाली. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ना, तसं ओवाळायला ताम्हण घेऊन बागेत गेले. मँचेस्टरला चंद्र कुठला? ढगाला ओवाळलं. वात सारखी विझत होती. जावई दारात उभे राहून म्हणाले, केअरफुल, फायर अलार्म वाजेल. अरे, बागेत होते मी! तिथे मला जे रडू फुटलं ते आवरेना. भाऊ जिवंत असताना, धडधाकट असताना, मी चंद्र शोधत फिरत होते.

जूनमध्ये तू लिहिलंस ते खरं होतं, म्हणून झोंबलं. जावई मला अजूनही अर्चनाच म्हणतात. मी अजूनही धावते. वैभवी कामावर जायला लागली, अन्वी माझ्याशिवाय झोपत नाही, आणि आता हा दुसरा लॉकडाऊन. नाहीतर दिवाळीलाच येणार होते.

तुळशीचं मी माफ केलेलं नाही. दुसरी लाव. वैभवीने बँकेशी बोलून ते सगळं निस्तरलं, उगीच जीव घाबरा करून घेतला होता मी. बॉयलरवाल्याला सांगते. खुर्चीत बसत असशील तर बस.

ताई


एजवेअर, ८ जानेवारी २०२१

ताई,

पत्र आलं तेव्हा मी खुर्चीत बसूनच वाचलं. दोनदा वाचलं, मग खुर्चीतच झोपलो.

मी रागाने वेडा झालो होतो. त्या वाळलेल्या काड्या अजून कुंडीत आहेत, उपटायचा धीर होत नाही. देवळातल्या एका आजींनी मंजिऱ्या दिल्यात, ऊन आलं की पेरतो. हो, देवळात जातो मी रोज. रांगेत उभं राहण्यापेक्षा आत शिरलेलं बरं, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात फुकट राबतो. हॉस्पिटलमधल्या नर्सेसना डबे जातात आमचे. आत दाटीवाटी असते, मास्क लावून फोडणी देणं म्हणजे शिक्षाच. पण बरं वाटतं.

आता कामाचं नीट वाच. वसंतात घाईघाईने मंजूर केलेल्या लोकांची म्हणे आता तपासणी होणार आहे. घरमालकांना अचानक फोन करतात. मी तुझा मँचेस्टरचा नंबर देऊन ठेवलाय. ते विचारतील, तू त्याची सिस्टर का? तू 'नो' म्हण. आपलं एकदा हो, एकदा नाही झालेलं आहे, आता तिसऱ्यांदा फिरलं तर सगळे पैसे परत मागतील, आणि खोटं बोलल्याचा शिक्का बसेल तो वेगळा. तू हळवी आहेस, वरून कितीही फणसासारखी असलीस तरी. म्हणून सांगतो. ते गोड बोलतील. लव्ह म्हणतील, डार्लिंग म्हणतील, मला त्या गोडीनेच फसवलं. माझं नाव घेऊन रडले तरी बधू नकोस. भाऊ नाही, लॉजर आहे, बस. माझी शपथ आहे तुला.

मागच्या खोलीत गारठा फार आहे, बॉयलर तसाच आहे, त्याने छाती भरून आलीय. आवाजही बसलाय. तू उगीच भलतीसलती शंका घेऊ नकोस. काल कढी मात्र खारट झाली, लोक हसले. मला चवच कळली नाही. वय झालं, दुसरं काय.

मार्चमध्ये नक्की ये. तुझ्यासाठी पुरणपोळ्या करतो. दार सताड उघडं ठेवून.

तुझा
शशी


मँचेस्टर, २४ जानेवारी २०२१

शशी,

आधी मला शाबासकी दे, मग पुढचं वाच.

फोन आला! अगदी तू म्हणाला होतास तसाच. बुधवारी दुपारी, अन्वीला नुकतं निजवलं होतं. वैभवी कामावर होती हे नशीब, ती भोळसट सगळं खरं सांगून बसली असती. माझ्या यंत्राने शिट्ट्या मारायला सुरुवात केली, त्यामुळे निम्मंच ऐकू आलं. पण निम्म्यावरूनच मी ओळखलं.

बाई होती. म्हणाली, मी अमुक अमुक वॉर्डातून बोलतेय. वॉर्ड म्हणजे कौन्सिलचाच की, मतदानाच्या कार्डावर असतो तो. आणि स्वतःचं नाव काय सांगावं? सिस्टर अमुक! म्हटलं, वा गं वा, आधी आपणच सिस्टर व्हायचं म्हणजे समोरची पटकन हो म्हणेल. मग विचारलं, मिस्टर जोगळेकर, आर यू हिज सिस्टर? आडनाव मात्र नीट घेतलं हो, घोकून आली असणार. मी ठणकावून सांगितलं, नो. यू मे बी सिस्टर. आय ॲम नॉट.

मागे सारखं टुंग टुंग वाजत होतं, म्हणजे रेकॉर्डिंग चालू. मी काही दूधखुळी नाही.

ती म्हणाली, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'सिस्टर' म्हणून आहे. गाढवा, तो आधी बदल! यांना लोकांच्या फोनमधलं कसं दिसतं देव जाणे. मी म्हटलं, मिस्टेक. मग तिने तो गोड आवाज काढला, तू लिहिला होतास तसा. तो फार पुअरली आहे की काहीतरी म्हणाली. म्हटलं, पुअर आहे म्हणून तर तुम्ही पैसे देता. मग म्हणते कशी, तो सारखा ताई ताई म्हणतोय, ताई म्हणजे सिस्टर ना? काय तयारी करतात रे ही माणसं! मराठी शब्दसुद्धा शोधून आणला होता. खोटं कशाला सांगू, तो शब्द असा तिच्या तोंडून ऐकून मी हो म्हणणारच होते. मग तुझी शपथ आठवली. म्हटलं, ताई मीन्स एनी लेडी. वी से इट टू एव्हरीबडी.

तरी सोडेना. आजच्या आज येता का, नाहीतर व्हिडिओवर तरी त्याच्याशी दोन शब्द बोला, मी फोन त्याच्यापुढे धरते. म्हणजे आपण दोघं समोरासमोर आलो की चेहरे ताडून बघणार. आम्ही एका क्लोज रिलेटिव्हला परवानगी देतो, म्हणाली. क्लोज रिलेटिव्ह! तोच शब्द, ज्याने तुझं भाडं अडवलं होतं. मग तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, आय ॲम नॉट क्लोज. ही इज लॉजर. शेवटी तिने हळूच विचारलं, मग त्यांचं कोणीच नाही का? म्हटलं, नो वन.

मग थँक यू म्हणाली आणि फोन ठेवला. अशी हिरमुसली होती की मलाच तिची दया आली.

तर तू आता निश्चिंत राहा. तीन-तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. पुन्हा कोणी विचारणार नाही. तू म्हणतोस मी हळवी, बघ आता.

मार्चच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट बघतेय. बॉयलरवाला सोमवारी येणार आहे, तू घरी थांब. तो गेल्या आठवड्यातही येऊन गेला म्हणे, बेल वाजवून वाजवून थकला, दार कोणी उघडलं नाही. मीही दोनदा फोन केला तर नुसता वाजतोय. देवळात सारखा राबू नकोस, छाती भरलीय ना? ओव्याची धुरी घे. आणि कढीत मीठ शेवटी घालायचं, हे मी तुला शिकवायचं का?

यंदा दोन राख्या बांधणार आहे, एक मागच्या वर्षीची. उत्तर लवकर टाक. रुसून बसला असशील तर आता पुरे.

तुझी,
हंड्रेड पर्सेंट रिअल,
ताई